विकणाऱ्याला शिकवणार कोण?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डॉक्टर-संशोधकांच्या एका गटाने गांजाच्या 400 परवानाधारक दुकानांना फोन केले. फोनवरची बाई सांगायची की मला दोन महिने झालेत, मळमळीने जीव नकोसा झालाय, तुमच्याकडचे काही चालेल का? ती खरोखर गरोदर नव्हती. दुकानातली माणसे काय सल्ला देतात, एवढेच तपासायचे होते. 400 पैकी 277 दुकानांनी, म्हणजे शंभरातल्या 69 जणांनी, तिला गांजाचे काही ना काही घ्यायला सुचवले. वैद्यकीय गांजा विकणाऱ्या दुकानांत हे प्रमाण 83 टक्क्यांवर गेले. गरोदरपणात हे सुरक्षित आहे, असे सांगणारे 36 टक्के निघाले. डॉक्टरांना विचारा, असे शेवटी बहुतेकांनी सांगितले खरे, पण आपणहून सांगणारे एक तृतीयांशाहूनही कमी होते. हा अभ्यास 2018 मध्ये स्त्रीरोगशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ते फोन उचलणाऱ्यांना मी दोष देणार नाही. समोरची बाई त्रासात आहे, तिला मदत करावी, असेच त्यांतल्या बहुतेकांना वाटले असणार. गर्भावर या पदार्थाचा काय परिणाम होऊ शकतो हे त्यांना कोणी नीट शिकवले नव्हते, आणि माहीत नसेल तिथे गप्प बसायचे असते हेही कोणी बजावले नव्हते. त्यांना शिकवले गेले होते ते मालाची नावे, भाव आणि ग्राहकाशी गोड बोलणे. एखाद्या समाजाने नशेची वस्तू कायदेशीर केली, की ती विकणाऱ्या माणसाला शहाणे करण्याची जबाबदारीही त्याच समाजावर येते. नुसते शिकवून भागत नाही. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी यावे लागते, आणि तसे म्हटल्यावर त्याची नोकरी शाबूत राहावी लागते. परवाना, कर, दुकानाचे शाळेपासूनचे अंतर या सगळ्यांवर विधिमंडळांत तासन्‌तास चर्चा झाल्या. काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या पोराच्या वाट्याला त्यांतला फार थोडा वेळ आला.

आपल्याकडे गांजा विकणे गुन्हा आहे, मग मराठी वाचकाला याचे काय, असे कोणी विचारेल. भारतात 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे आणि तो असावा की बदलावा हा या लेखाचा विषय नाही. पण आपली मुले टोरंटो, ब्रॅम्प्टन, डेन्व्हर, सिएटल या गावांत शिकायला जातात. तिथे ही दुकाने औषधाच्या दुकानाइतकी उघड आहेत आणि शिकता शिकता खर्च भागवणारी मुले त्यांत नोकरीही करतात.

माझी एक माजी विद्यार्थिनी ओंटारियोत आहे. मी अनेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले, त्या काळातली ती बी. फार्म.ची हुशार मुलगी. कॅनडात फार्मासिस्ट म्हणून काम करायचे तर तिथल्या मूल्यांकनाच्या आणि परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्या होईपर्यंत तिने गांजाच्या दुकानात काम धरले. फोनवर म्हणाली, “सर, घरी सांगितलंय की किराणा दुकानात आहे. आईला कळलं तर ती जेवायची नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “पण खरा त्रास तो नाही. इथे येणारे आजोबा मला डॉक्टर समजून विचारतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हे तेल घेऊ का? मला उत्तर माहीत आहे, आणि द्यायची परवानगी नाही.”

त्या आजोबांची गोळी वॉरफरिन असेल, तर गांजातली द्रव्ये यकृतात तिचे विघटन मंदावू शकतात आणि रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होऊ शकते. माझी विद्यार्थिनी हे शिकलेली आहे. पण कॅनडाच्या कायद्यात गांजाची जाहिरात आणि आरोग्याचे दावे यांवर कडक बंदी आहे, आणि औषध म्हणून घ्यायचा गांजा या दुकानांत मिळतच नाही. तो डॉक्टरांच्या कागदावर परवानाधारक उत्पादकांकडून घरपोच येतो. दुकानातल्या माणसाने औषधाचा सल्ला द्यायचा नाही, हा नियम मुळात योग्य आहे. कोलोरॅडोतले फोन वाचल्यावर त्याची गरज वेगळी सांगायला नको. पण त्या नियमाचा अर्थ दुकानांनी ‘काहीच बोलू नका’ असा लावला, तर आजोबा तेल घेऊन घरी जातात. “तुमच्या गोळ्यांशी याचा संबंध येऊ शकतो, आधी तुमच्या फार्मासिस्टशी बोला, तोवर मी हे देत नाही,” एवढे वाक्य दावा ठरत नाही. ते वाक्य प्रत्येक विक्रेत्याला पाठ हवे, आणि ते बोलल्यावर झालेले विक्रीचे नुकसान मालकाने हसत सोसायला हवे.

आता प्रत्यक्षात काय शिकवतात ते पाहू. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 रोजी गांजा कायदेशीर झाला. ओंटारियोत खासगी दुकाने 1 एप्रिल 2019 पासून उघडली. तिथे दुकानात काम करणाऱ्याचे वय किमान 19 हवे आणि कामाच्या पहिल्या दिवसाच्या आधी ‘कॅनसेल’ नावाचे प्रशिक्षण पूर्ण झालेले हवे. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध झटणारी ‘मॅड कॅनडा’ ही संस्था हा अभ्यासक्रम तयार करण्यात सहभागी होती, ही मला चांगली गोष्ट वाटते. नशेच्या दुष्परिणामांशी रोज गाठ पडणाऱ्या माणसांचा त्यात हात होता. अभ्यासक्रम साधारण चार तासांचा आहे आणि घरबसल्या संगणकावर करता येतो. कायदा काय म्हणतो, ओळखपत्र कसे तपासायचे, झिंगलेल्या माणसाला परत कसे पाठवायचे, शरीरावर काय परिणाम होतात, हे सगळे त्यात येते. दुकानाची देखरेख, खरेदी आणि कर्मचाऱ्यांची जबाबदारी ज्याच्याकडे, त्या व्यवस्थापकाला स्वतःचा वेगळा परवाना काढावा लागतो.

कॅनडाच्याच आल्बर्टा प्रांतात ‘सेलसेफ’ हे प्रशिक्षण आहे आणि त्याच्या जोडीला कर्मचाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते. अमेरिकेत राज्यागणिक तऱ्हा वेगळी. ओरेगॉनमध्ये 21 वर्षांवरील माणसाने परीक्षा देऊन पाच वर्षांचे कामगार-परवानापत्र घ्यायचे. इलिनॉयमध्ये नोकरी लागल्यावर 90 दिवसांत किमान दोन तासांचे प्रशिक्षण. या 90 दिवसांपाशी मी अडतो. तीन महिने माणूस न शिकता विकणार, आणि त्या काळात त्याच्या हातून जे जाईल त्याचे काय? ओंटारियोचा ‘पहिल्या दिवसाआधी’ हा नियम याबाबतीत शतपट बरा. वॉशिंग्टन राज्यात वैद्यकीय ग्राहकांना सल्ला देण्यासाठी प्रमाणित सल्लागार असतो. त्याला 20 तासांचे प्रशिक्षण, हृदय बंद पडल्यावर द्यायच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि दरवर्षी नव्याने काही तास शिक्षण लागते. कनेक्टिकट राज्याने 2012 मध्ये वैद्यकीय गांजाचा कायदा केला तेव्हा तर ही वस्तू हातात देण्याचे काम सरळ फार्मासिस्टकडे सोपवले. एकच पदार्थ, एकच देश, आणि विक्रेत्याच्या शिक्षणाची मोजपट्टी दोन तासांपासून चार वर्षांच्या पदवीपर्यंत. हा फरक शास्त्राने पडलेला नाही. त्या त्या राज्यात धंद्याचा आवाज मोठा होता की आरोग्य खात्याचा, त्यावरून तो पडला.

चार तासांत काय मावते आणि काय सांडते, हे काउंटरवरच्या डबीवरून समजते. सुकवलेल्या फुलांच्या डबीवर पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा, टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याची लाल खूण आणि त्याखाली आकडे असतात. टीएचसी एका ग्रॅममागे 0.5 मिलिग्रॅम वगैरे, आणि लगेच खाली ‘एकूण टीएचसी’ 200 मिलिग्रॅम. पहिला आकडा डबीतल्या अवस्थेतला, दुसरा उष्णता लागल्यावर होणारा. नवखा माणूस पहिला आकडा वाचतो आणि माल सौम्य आहे अशी समजूत करून घेतो. जाणता विक्रेता बोट दुसऱ्या आकड्यावर ठेवतो. ओठांपर्यंत पोचणार तो हाच, म्हणून सांगतो. एवढ्या एका बोटाने कोणाची रात्र वाचते. पण रांगेत मागे सहा माणसे उभी असतात, एकट्या मुलाने काउंटर सांभाळायचा असतो, आणि ‘वेळेत किती बिले केली’ हे मालक संध्याकाळी पाहत असतो. अशा वेळी ते बोट आकड्यावर जात नाही.

खाण्याच्या पदार्थांचे तर आणखी जपून. धूर ओढला तर परिणाम काही मिनिटांत कळतो. खाल्ले तर अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, पूर्ण जोर चढायला चार तासही जातात आणि अंमल बारा तास टिकू शकतो. कोलोरॅडोत दुकाने 1 जानेवारी 2014 रोजी उघडली आणि तिसऱ्याच महिन्यात डेन्व्हरमध्ये एका तरुणाचा जीव गेला. 19 वर्षांचा मुलगा. 21 पूर्ण नसल्यामुळे त्याला दुकानात माल मिळालाच नसता. त्याच्या 23 वर्षांच्या मित्राने बिस्किट विकत घेतले. दुकानातल्या विक्रेत्याने त्या मित्राला बिस्किटाचे सहा तुकडे करून एका वेळी एकच खायला सांगितले होते, असे पोलिसांच्या नोंदीत आहे. मुलाने एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही वाटेना, म्हणून उरलेले सगळे खाल्ले. पुढच्या काही तासांत तो बिथरला आणि चौथ्या मजल्यावरच्या सज्जातून खाली गेला.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2015 मध्ये या घटनेचा अहवाल छापला. तो मी विद्यार्थ्यांपुढे अनेकदा ठेवला आहे, कारण त्यातला विक्रेता आपले काम करून चुकला होता. त्याने मात्रा सांगितली होती. पण ज्याच्याशी तो बोलला तो माणूस एक आणि ज्याच्या पोटात ते गेले तो दुसरा. ‘हे तुम्हीच खाणार की आणखी कोणी?’ हा प्रश्न आणि ‘दोन तास तरी काही वाटणार नाही, तोवर दुसरा तुकडा तोंडात घालू नका’ हे वाक्य विक्रीचा भाग झाले पाहिजे, बिलाइतके सक्तीचे. कोलोरॅडोने नंतर फेब्रुवारी 2015 पासून प्रत्येक 10 मिलिग्रॅमचा घास वेगळा ओळखू येईल अशी सक्ती केली. कॅनडाने तर संपूर्ण पाकिटात 10 मिलिग्रॅमच्या वर टीएचसी ठेवायला बंदी घातली. वेष्टनावर नियम झाले ते चांगलेच झाले. पण वेष्टन प्रश्न विचारत नाही. तो माणसानेच विचारायचा असतो.

या माणसाला काय मिळते? बहुतेकांचा पगार किमान वेतनाच्या आसपास घुटमळतो. ओंटारियोत ऑक्टोबर 2024 मध्ये ते तासाला 17 डॉलर 20 सेंट होते. एवढ्या पगारात त्याच्याकडून अपेक्षा काय, तर पंचविशीच्या आतला दिसेल त्या प्रत्येकाचे ओळखपत्र मागायचे, खोटे पत्र ओळखायचे, झिंगलेल्याला सौम्य शब्दांत बाहेर काढायचे, एका वेळी 30 ग्रॅमच्या वर विकायचे नाही, औषधाचे नाव काढायचे नाही, आणि यातले काही चुकले तर दुकानाचा परवाना अडचणीत येणार. अमेरिकेत भर पडते ती रोख पैशांची. केंद्राच्या कायद्याने हा पदार्थ अजून नियंत्रित यादीत असल्यामुळे बऱ्याच बँका या दुकानांपासून दूर राहतात. गल्ल्यात रोकड साठते आणि दरोडेखोरांना ते माहीत असते. 2022 च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात अशा दुकानांवर दरोड्यांची लाट आली आणि मार्चमध्ये टॅकोमा शहरात एक कर्मचारी गोळीला बळी पडला. ज्या धंद्यात बंदूक समोर येऊ शकते, तिथल्या प्रशिक्षणात ‘पैसे देऊन टाका, जीव वाचवा’ हे पहिल्या पानावर हवे.

गांजाची धूळही निरुपद्रवी नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी जानेवारी 2022 मध्ये एका प्रक्रिया-कारखान्यात 27 वर्षांची कामगार दळलेल्या गांजाच्या धुळीने दम्याचा झटका येऊन दगावली. या उद्योगातला व्यवसायजन्य दम्याचा असा मृत्यू अमेरिकेत पहिल्यांदाच नोंदवला गेला. ती कारखान्यातली होती, दुकानातली नव्हती. पण फुले हाताळणाऱ्या, वजन करणाऱ्या, बरण्या उघडून वास देणाऱ्या विक्रेत्याला खोकला आणि शिंका सुरू झाल्या तर ते ऍलर्जीचे लक्षण असू शकते, हे त्याला कोणी सांगायला नको का? कॅलिफोर्नियाने परवाना घेणाऱ्या प्रत्येक धंद्यातल्या एका पर्यवेक्षकाला आणि एका कामगाराला 30 तासांचे कार्यसुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. त्याच राज्यात आता दहा किंवा अधिक कामगार असले की मालकाला कामगार संघटनेशी शांतता-करार करावा लागतो. म्हणजे संघटना बांधू पाहणाऱ्या कामगारांच्या आड मालकाने यायचे नाही. जुलै 2024 च्या आधी ही मर्यादा वीस कामगारांची होती. संघटनेचा आणि ग्राहकाच्या सुरक्षिततेचा संबंध काय, असे वाटेल. संबंध सरळ आहे. ज्याला उद्या कामावरून काढले जाईल ही भीती आहे, तो आज गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही.

क्वेबेकची वाट मला या सगळ्यात जास्त पटते. तिथे ही दुकाने सरकारी आहेत आणि खरेदीचे किमान वय 1 जानेवारी 2020 पासून 21 आहे. नफ्यासाठी माल खपवण्याचा दबाव तिथल्या विक्रेत्यावर नाही. तरीही 2022 मध्ये त्या दुकानांच्या अनेक शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी संप केला. दारूच्या सरकारी दुकानांतल्या सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. सरकार मालक झाले म्हणून न्याय आपोआप होत नाही, तो मागावाच लागतो.

काउंटरमागे उभे राहायचा हक्क कोणाला, हाही प्रश्न प्रशिक्षणाइतकाच नैतिक आहे. काल ज्या पदार्थासाठी माणसे तुरुंगात गेली, तोच आज दिव्यांच्या रोषणाईत विकला जातो. अमेरिकी नागरी स्वातंत्र्य संघाने 2020 मध्ये दाखवून दिले की गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा 3.64 पट होती, वापर मात्र दोन्हींकडे जवळपास सारखाच. मग पार्श्वभूमी तपासून त्याच गुन्ह्यासाठी त्याच माणसाला नोकरी नाकारणे म्हणजे एका शिक्षेवर दुसरी शिक्षा. न्यूयॉर्कने पहिले किरकोळ परवाने गांजाच्या जुन्या खटल्यांत सापडलेल्यांसाठी, त्यांच्या कुटुंबीयांसाठी आणि अशांना मदत करणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवले, आणि तिथले पहिले दुकान 29 डिसेंबर 2022 रोजी एका सेवाभावी संस्थेने उघडले. अंमलबजावणी रडतखडत झाली, तरी विचार खरा होता. कॅनडाने 2019 मध्ये किरकोळ बाळगणुकीच्या जुन्या नोंदी विनाशुल्क बाजूला ठेवण्याचा कायदा केला. त्या नोंदी पुसून टाकल्या असत्या तर जास्त बरे झाले असते.

परदेशातल्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण दुकानातल्या प्रशिक्षणात ती सांगतीलच याची खात्री नाही. अमेरिकेत राज्याने परवाना दिला तरी केंद्राच्या कायद्याने गांजा विकणे गुन्हाच आहे. एप्रिल 2019 मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने धोरणात स्पष्ट लिहिले की गांजा उद्योगातली नोकरी, ती राज्यात कायदेशीर असली तरी, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या चांगल्या चारित्र्याच्या अटीत आडवी येऊ शकते. विद्यार्थी-व्हिसावरच्या मुलाने डेन्व्हरच्या दुकानात चार महिने काम केले, तर दहा वर्षांनी त्याच्या ग्रीनकार्डाच्या किंवा नागरिकत्वाच्या फाइलवर त्याची सावली पडू शकते. कॅनडात ही नोकरी पूर्ण कायदेशीर आहे. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तास काम करता येते आणि त्यात हे कामही चालते. पण पुढे अमेरिकेत जायचे असेल तर सीमेवर प्रश्न विचारले जाऊ शकतात. मालकाने परदेशी मुलाला कामावर घेताना हे लेखी सांगितले पाहिजे, आणि नियामकांनी ते सक्तीचे केले पाहिजे. आणि आई-वडिलांनी? लाजेने मुलगी किराणा दुकानाचे नाव सांगत असेल, तर वकिलाचा सल्ला घेण्याची वेळ आली तरी ती घरी बोलणार नाही. हा विषय घरात उघड बोलता यायला हवा. आपल्या मूल्यांशी प्रामाणिक राहूनही तो बोलता येतो.

माझ्या विद्यार्थिनीने ती नोकरी आठ-नऊ महिन्यांनी सोडली. परीक्षेचा अभ्यास जमेना, हे कारण तिने दिले. जाण्याआधी तिने एक केले. आपल्या दुकानात, नियमांत बसेल अशा भाषेत, चार ओळींचा कागद चिकटवला. गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टशी बोला. व्यवस्थापकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग तो कागद ठेवला.

या सगळ्याकडे बोट दाखवताना मला आपले घर दिसते. आपल्याकडे औषध विकण्यावर 1948 पासून फार्मसी कायदा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. प्रत्यक्षात कितीतरी दुकानांत भिंतीवर काचेच्या चौकटीत एकाचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि काउंटरवर दुसराच मुलगा उभा असतो. प्रमाणपत्राचा मालक महिन्याला काही पैसे घेऊन आपले नाव भाड्याने देतो. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर धडक कारवाई सुरू केली. केमिस्ट संघटनांनी त्याविरुद्ध बंद पुकारले. त्या काळात माझे विद्यार्थी मला विचारायचे, “सर, मग आम्ही शिकतोय कशाला?” त्यांच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला फार जड गेले. प्रशिक्षण भिंतीवर टांगायची वस्तू झाली की ते नसल्यापेक्षा घातक ठरते, कारण गिऱ्हाइकाला वाटते की इथे जाणकार बसला आहे. ओंटारियोचे चार तास आणि इलिनॉयचे दोन तास त्याच वाटेने जाऊ शकतात. ते जाऊ नयेत म्हणून तिथल्या नियामकांनी दुकानात गुपचूप ग्राहक पाठवून तपासले पाहिजे की विक्रेता काय बोलतो, नुसते कागद तपासून भागणार नाही.

आणि आपल्या वाइन शॉपचे काय? महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, पिण्याचा परवानाही लागतो. शनिवारी संध्याकाळी जाळीच्या खिडकीतून हात आत घालून बाटली मागणाऱ्या मुलाचे वय कोणी विचारताना मी क्वचितच पाहिले. खिडकीमागचा कामगार बारा तास उभा असतो. झिंगलेल्या माणसाला बाटली नाकारायची कशी, हे त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि नाकारल्यावर बाटली डोक्यात बसली तर मालक काय करणार हेही त्याला माहीत नाही. तो काही शिकलेला असावा अशी अपेक्षा आपण, समाज म्हणून, कधी केलीच नाही. उत्पादन शुल्क खाते या दुकानांचे परवाने दरवर्षी नूतनीकरण करते आणि त्यातून राज्याच्या तिजोरीत मोठी रक्कम येते. नूतनीकरणाच्या अटींत एक ओळ वाढवता येईल: काउंटरवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कामगाराला, पगारी वेळेत, एक पूर्ण दिवसाचे प्रशिक्षण, मराठीत आणि हिंदीत, वय तपासण्यापासून दारूबरोबर कोणत्या गोळ्या चालत नाहीत इथपर्यंत. शिकवायला फार्मसी कॉलेजे गावोगाव आहेत, शिक्षक आहेत, खर्च परवाना शुल्कातून निघतो. प्रस्ताव मांडायला एकच आमदार पुरे.